अरब पोरं बिघडली म्हणजे नेमकं काय झालं?

नोव्हेंबर 2024 मध्ये रियाधमध्ये एक फॅशन शो झाला. जेनिफर लोपेझ नाचली, सेलिन डिऑन गायली, अंगाला घट्ट बसलेल्या चमचमत्या पोशाखांतल्या मॉडेल मंचावर फिरल्या, आणि तिथल्या एका चौकोनी काचेच्या ठोकळ्यावरून समाजमाध्यमांत रण पेटलं. तो मक्केतल्या पवित्र काबासारखा दिसतो, असा काहींचा आक्षेप होता. आपल्याकडेही त्या क्लिपा फिरल्या आणि त्यांच्याखाली नेहमीचे दोन फड जमले. एक फड खूश: बघा, वाळवंटातही वारं फिरलं, आता ही पोरं माणसांत येणार. दुसरा हळहळणारा: अमेरिकेने यांनाही गिळलं, जीन्स आणि बर्गरपुढे चौदाशे वर्षांची परंपरा आडवी झाली, उद्या आपली पाळी. गंमत म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं या दुसऱ्या फडात मांडीला मांडी लावून बसलेली दिसतात. अरब लीगमध्ये बावीस देश आहेत, मोरोक्कोतल्या पोराची बोली ओमानच्या पोराला धड कळत नाही, हे दोन्हीकडे कुणाच्या गावीही नसतं. उंटावरून शेळ्या हाकणं मात्र जोरात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पाश्चात्त्य पॉप संस्कृतीचा अरब तरुणांवर परिणाम झालाय आणि तो चांगला खोल आहे. पण या परिणामाला ‘बिघडणं’ आणि ‘सुटका’ अशी दोनच नावं ठेवणारी चर्चा मुळातच फसलेली आहे, कारण दोन्ही फडांच्या लेखी तिथला तरुण म्हणजे रिकामं भांडं; कुणीही यावं, काहीही ओतावं. गेल्या शंभरेक वर्षांत तिथे घडलेलं काही वेगळंच सांगतं. बाहेरून आलेलं त्या पोरांनी घेतलं, पिळलं, आपल्या चालीवर बसवलं, नको ते फेकून दिलं. आणि जेव्हा जेव्हा भांडण पेटलं, तेव्हा ते गाणं कुठून आलं यापेक्षा ते वाजवायची परवानगी कोण देणार यावरूनच जास्त पेटलं.

आधी ‘पाश्चात्त्य’ या शिक्क्याकडे बघू. रियाधच्या त्या शोमधले पोशाख ज्याचे होते तो एली साब बैरूतचा. 2008 च्या उन्हाळ्यात अरब घरांमध्ये धुमाकूळ घातला तो एका तुर्की मालिकेने, तीही सीरियन बोलीत डब केलेली. शेवटचा भाग साडेआठ कोटी लोकांनी पाहिल्याचं एमबीसी वाहिनीने जाहीर केलं आणि सौदीच्या मुख्य मुफ्तींनी अशा मालिकांवर जाहीर टीका केली. 1970 च्या दशकाच्या शेवटापासून अरब मुलं ज्या यंत्रमानवाच्या कार्टूनवर वाढली ते जपानी. त्याचं अरबी शीर्षकगीत सामी क्लार्क या लेबनानी गायकाने म्हटलेलं. ऑक्टोबर 2019 मध्ये रियाधचं किंग फहद स्टेडियम भरवलं ते कोरियाच्या बीटीएस या पॉप बँडने. हिंदी सिनेमाचं तर सांगायलाच नको: एमबीसीने 2013 मध्ये त्यासाठी अख्खी वाहिनी काढली आणि कैरोच्या टॅक्सीवाल्याने भारतीय गिऱ्हाइकाला अमिताभबद्दल विचारणं हा तर आता शिष्टाचारच झालाय. म्हणजे त्या पोराच्या खोलीत इस्तंबूल, सोल, टोकियो आणि मुंबई शेजारी शेजारी नांदतात. त्यातल्या फक्त लॉस एंजेलिसला ‘आक्रमण’ म्हणायचं, हा निवाडा कुठल्या कायद्याखाली?

तरीही दुसऱ्या फडाच्या म्हणण्यात दम आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणं लबाडी ठरेल. अमेरिका कोरियासारखी नाही. तिची गाणी येतात तेव्हा मागे विमानवाहू जहाजं उभी असतात. संस्कृती हे हत्यार म्हणून वापरल्याचे दाखले कुणाच्या कल्पनेतले नाहीत. 1956 मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने डिझी गिलेस्पी या जॅझवादकाला बैरूत-दमास्कसच्या दौऱ्यावर पाठवलं, ते काही निव्वळ संगीतप्रेमापोटी नव्हे. बैरूतमधून निघणाऱ्या ‘हिवार’ या वाङ्मयीन द्वैमासिकाचा पैसा फिरून फिरून सीआयएकडून येतो हे 1966 च्या सुमारास उघड झालं आणि पुढच्याच वर्षी ते बंद पडलं. मार्च 2002 मध्ये, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांना वर्षही व्हायच्या आत, अमेरिकी सरकारने रेडिओ सावा सुरू केला. मांडणी साधी: एक इंग्रजी पॉप गाणं, एक अरबी पॉप गाणं, आणि मधे मधे वॉशिंग्टनला हव्या तशा बातम्या. यासाठी व्हॉइस ऑफ अमेरिकाची जुनी अरबी सेवा गुंडाळली. लक्ष्य कोण, तर तिशीच्या आतले श्रोते. ‘पॉप म्हणजे पॉप, त्यात राजकारण कसलं?’ असं म्हणणाऱ्यांनी हा कार्यक्रम आठवावा.

मग झालं काय? गाणी भरपूर ऐकली गेली. आणि मार्च 2003 मध्ये इराकवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा कैरोच्या तहरीर चौकात हजारो लोक उतरले, त्यात विद्यापीठातली पोरं पुढे होती. गाणं आवडणं म्हणजे गाणाऱ्याच्या सरकारचं मांडलिक होणं, हे समीकरण वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी धरलं होतं. दुर्दैवाने आपल्या संस्कृतिरक्षकांचंही समीकरण हेच आहे, फक्त ते त्याला टाळ्यांऐवजी शिव्या देतात.

याहून ताजं उदाहरण गाझाच्या युद्धाचं. ऑक्टोबर 2023 नंतर अम्मान, कैरो, कुवेतमध्ये तरुणांनी अमेरिकी कॉफी आणि बर्गरच्या साखळ्यांकडे पाठ फिरवली. या भागात स्टारबक्स चालवणाऱ्या कुवेतच्या अलशाया समूहाने मार्च 2024 मध्ये सुमारे 2,000 कर्मचाऱ्यांना नारळ दिला. बहिष्काराची हाक दिली गेली ती इन्स्टाग्राम आणि टिकटॉकवर, आयफोनवरून, स्नीकर घातलेल्या पोरांकडून. ‘हा दुटप्पीपणा नाही का?’ असं कुत्सितपणे विचारणारे बरेच भेटले. मला तो दुटप्पीपणा वाटत नाही. कालपर्यंत जी कॉफी रोज लागायची ती तत्त्वासाठी सोडता येते, म्हणजे ती डोक्यात शिरली नव्हती, जिभेवरच होती. इजिप्तमध्ये त्याच वेळी कोकच्या जागी ‘देशी’ म्हणून खपायला लागला तो स्पिरो स्पाथिसचा सोडा. तो 1920 मध्ये एका ग्रीक माणसाने सुरू केलेला आहे. आज त्याला परकं म्हणायची कुणाची टाप नाही.

आता परंपरेचा मुद्दा. एक प्रसंग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण आजची सगळी चर्चा त्यात आधीच होऊन गेली आहे. 1932 मध्ये राजा फुआदच्या आश्रयाखाली कैरोत अरब संगीताची मोठी परिषद भरली. मोरोक्कोपासून इराकपर्यंतचे वादक आले, युरोपातून बेला बार्तोक आणि पॉल हिंडेमिथसारखी संगीतकार मंडळी आली. वाद पेटला पियानोवर. अरबी मकामात, म्हणजे त्यांच्या रागात, दोन सुरांच्या मधल्या बारीक जागा असतात, त्या पियानोच्या पट्ट्यांत सापडत नाहीत. म्हणून पियानो आला की मकाम मेला, असा एक पक्ष. काहींनी तर पाव सूर वाजवता येतील असे खास पियानो बनवून आणून दाखवले. पण खरी गंमत पुढे आहे. पियानो आणि चेलो हवेत म्हणणाऱ्यांत इजिप्शियन पुढे होते, आणि ‘नका हो, तुमची शुद्ध परंपरा जपा’ म्हणून गळ घालणाऱ्यांत युरोपीय विद्वान. आणि ज्या व्हायोलिनवर त्या सभेत कुणाला फारसा आक्षेप नव्हता, ते युरोपीय व्हायोलिन तोवर अरबी वाद्यवृंदात इतकं मुरलं होतं की ते बाहेरचं आहे याची आठवण कुणी काढावी!

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीला बंदी घातली ती जवळजवळ याच कारणासाठी: मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, वाद्य परदेशी. ती बंदी सुटायला 1971 उजाडलं. तोवर पेटीशिवाय नाट्यपदाची कल्पनाही करता येत नव्हती, भजनीमंडळांचं तर बोलायलाच नको. विलायती वाद्याने आपलं गाणं मेलं का? गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली ते वाद्यच मराठी झालं. अरबांकडेही तेच. मुहम्मद अब्देल वहाब हा इजिप्तचा थोर संगीतकार पाश्चात्त्य चाली ढापतो म्हणून आयुष्यभर शिव्या खात राहिला. 1964 मध्ये त्याने उम्म कुलसूमसाठी पहिल्यांदा चाल बांधली, आणि त्या वाद्यमेळात चक्क इलेक्ट्रिक गिटार घेतली. उम्म कुलसूम म्हणजे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवर गायला बसली की कैरो ते बगदाद रस्ते ओस पडायचे, ती. आज ‘हल्लीच्या पोरांना हे रॅप-बीप सोडून तरब, म्हणजे गाण्यात रंगून जाणं, कळत नाही’ असं म्हणणारे आजोबा ज्या गाण्याचा दाखला देतात, त्यात बहुधा हीच गिटार वाजत असते.

‘पण ते दिग्गज होते, आजची पोरं नुसती नक्कल करतात.’ हा पुढचा ठरलेला आक्षेप. त्यासाठी अल्जीरियाचं राई संगीत बघा. ओरान या बंदराच्या शहरात वाढलेलं हे गाणं: प्रेम, दारू, विरह, परदेशाचा व्हिसा. 1980 च्या दशकात त्यात सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घुसली. अल्जीरियाच्या सरकारी माध्यमांनी त्याला बरीच वर्षं दारात उभं केलं नव्हतं. कट्टर धार्मिकांच्या लेखी ती पश्चिमेहून आलेली घाण होती. 29 सप्टेंबर 1994 रोजी, यादवी ऐन भरात असताना, शेब हस्नी या सव्वीस वर्षांच्या गायकाला ओरानमध्ये त्याच्या घराजवळ गोळ्या घातल्या. पुढच्या फेब्रुवारीत रशीद बाबा अहमद गेला; राईला नवा, विजेवरचा आवाज देणाऱ्यांत हा निर्माता आघाडीवर होता. राई गायक खालेदचं 1992 मधलं ‘दीदी’ तेव्हा मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत आणि लग्नांच्या वरातींत वाजत होतं. ज्या गावातून ते गाणं आलं तिथे ते गाणाऱ्यांना जीव मुठीत धरून राहावं लागतं, हे नाचणाऱ्यांना कुठून माहीत असणार? आणि डिसेंबर 2022 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत अल्जीरियाचं लोकगीत म्हणून राईची नोंद झाली. प्रस्ताव अल्जीरिया सरकारचाच. अठ्ठावीस वर्षांत ‘घाण’ ते ‘वारसा’. मधल्या काळात गाण्यातला सिंथेसायझर कुणी काढून टाकला नव्हता.

इथे पहिल्या फडाने टाळी वाजवायची घाई करू नये. पॉप ऐकलं, जीन्स घातली की माणूस आपोआप उदार आणि लोकशाहीवादी होतो, ही समजूतही तितकीच पोकळ आहे. सय्यद कुत्ब हा इजिप्शियन लेखक 1948 ते 1950 अमेरिकेत होता, इजिप्तच्या शिक्षण खात्यानेच पाठवलेला. कोलोरॅडोतल्या ग्रीली या छोट्या गावात, चर्चच्या सभागृहात तरुण-तरुणींना ग्रामोफोनच्या तालावर नाचताना त्याने पाहिलं, आणि परतल्यावर जे लिहिलं त्यावर पुढच्या पिढ्यांतले अनेक जहाल इस्लामवादी पोसले. अमेरिकी संस्कृतीचं दर्शन त्याला कमी घडलं होतं असं म्हणता येणार नाही. डेनिस कुस्पर्ट हा बर्लिनचा रॅपर. त्याने रॅप सोडलं आणि तो आयसिसच्या प्रचारात जाऊन उभा राहिला. अर्थात हजारात असा एखादाच. पण गाण्याचा साचा माणसाची दिशा ठरवत नाही, एवढं तरी यातून दिसतं. ज्याला चिडायचं आहे तो त्याच तालावर चिडतो.

चिडण्यावरून ट्युनिशिया आठवतो. तिथली गोष्ट दोन्ही फडांच्या गैरसोयीची आहे. 7 ऑक्टोबर 1996 रोजी मायकल जॅक्सनचा कार्यक्रम ट्युनिसच्या अल मेंझा स्टेडियममध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष बेन अलींच्या तुरुंगांत तेव्हा हजारो राजकीय कैदी होते, पण पॉपच्या सम्राटाला लाल गालिचा. त्याच दौऱ्यात, महिना उलटायच्या आत, 1 नोव्हेंबरला तो अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचत होता. निमंत्रण शिव उद्योग सेनेचं, सरकार युतीचं, वर करमणूक कराची माफी. पुढे त्याच पक्षाचे कार्यकर्ते व्हॅलेंटाइन डेला भेटकार्डांच्या होळ्या करताना दिसले. पाश्चात्त्य संस्कृती साहेबांनी बोलावली की पाहुणी, पोराने बोलावली की घुसखोर. हा नियम मराठी नाही तसा अरबीही नाही. तो सत्तेचा आहे.

बेन अलींचं राज्य ‘आधुनिक’ होतं: पर्यटकांचे समुद्रकिनारे, डिस्को, फ्रेंच बोलणारे मंत्री. पण युट्यूब 2007 पासून बंद, आणि सरकारला बोचेल असं रॅप रेडिओवर लागायचं नाही. 2010 च्या नोव्हेंबरात स्फाक्स शहरातल्या हमादा बेन आमोर नावाच्या एका पोराने, ‘एल जनराल’ हे त्याचं टोपणनाव, थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून रॅप रचलं: लोक कचऱ्यातून अन्न वेचतायत, पोलीस बायकांना मारतायत, तुम्हाला दिसतंय का? डोक्यावर टोपी, खोल आवाज, धाटणी सरळ अमेरिकी. ते फेसबुकवरून पसरलं. 17 डिसेंबरला मुहम्मद बुअझीझी या भाजीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं, रस्ते भरले, आणि 6 जानेवारी 2011 ला पोलिसांनी या रॅपरला घरातून उचललं. आठवडाभरात, 14 तारखेला, बेन अली देश सोडून पळाले. रॅपने राजवट पाडली असं मी म्हणत नाही; ती बेकारीने, महागाईने आणि एका भाजीवाल्याच्या मरणाने पाडली. पण पोलिसांना नेमकं काय टोचलं? जॅक्सनचा नाच चालला, त्याच्याच देशातून आलेला रॅपचा ठेका चालला नाही, कारण या वेळी शब्द अरबी होते आणि त्यात पत्ता राजवाड्याचा होता. क्रांतीनंतरही हे संपलं नाही. 2013 मध्ये निवडून आलेल्या सरकारच्या काळात ‘वेल्द एल 15’ नावाच्या दुसऱ्या रॅपरला पोलिसांना शिव्या देणाऱ्या गाण्यासाठी दोन वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि स्थगित झाली.

साप समजून भुई धोपटण्याचा याहून वाईट नमुना मोरोक्कोचा. 2003 च्या सुरुवातीला कासाब्लांकात चौदा तरुणांना अटक झाली. गुन्हा: हेवी मेटल संगीत. आरोप: सैतानपूजा आणि मुस्लिमांच्या श्रद्धेला धक्का. कोर्टापुढे पुरावा म्हणून काय आलं, तर काळे टी-शर्ट, सीडी, एक कवटी. मार्चमध्ये एक महिन्यापासून वर्षापर्यंतच्या शिक्षा झाल्या, लोक रस्त्यावर आले, अपिलात बहुतेक सुटले. आणि 16 मे 2003 च्या रात्री त्याच शहरात आत्मघाती स्फोट झाले. हल्लेखोर धरून पंचेचाळीस माणसं मेली. ते हल्लेखोर सिदी मूमेन या झोपडवस्तीतले होते, गिटार वाजवणारे नव्हते. इजिप्तचाही जानेवारी 1997 मध्ये हाच खेळ करून झाला होता: शंभरेक मेटलप्रेमी पोरं घराघरांतून उचलली, वर्तमानपत्रांनी कबरी उकरल्याच्या कहाण्या रंगवल्या, शेवटी पुराव्याअभावी सगळं विरलं. सरकारं असं का करतात? मौलवींना दाखवायला आपणही धर्मरक्षक आहोत, आणि पोरांचे आईबाप धास्तावले की घरातला पहारा फुकट मिळतो.

भाषेचा मुद्दा मात्र मला सगळ्यात अवघड वाटतो. दुबई किंवा बैरूतच्या महागड्या शाळांतली मुलं एकमेकांशी इंग्रजीत-फ्रेंचमध्ये बोलतात, अरबी वर्तमानपत्र वाचताना अडखळतात. हे खरं आहे आणि चिंतेचं आहे. मराठी आईबापांना तर वेगळं समजावायला नको. पण त्याचं खापर हॉलीवूडवर फोडणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. अमिरातीत दहातली जवळजवळ नऊ माणसं परदेशी आहेत, नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत होतात, विज्ञान इंग्रजीत शिकवलं जातं. ही धोरणं कुठल्या गायिकेने आखली? उलट ज्या रॅपला नावं ठेवली जातात त्याने अरबी बोलींना जी इभ्रत दिली ती तशी नवीनच. पूर्वी सगळ्या अरब जगात पोचायचं तर कैरोच्या बोलीत गावं लागे. आज मोरोक्कोची दारिजा, वेस्ट बँकेतली गल्लीतली भाषा, जेद्दाहची बोली, सगळं एकाच पोराच्या फोनमध्ये असतं. ही पोरं रोमन अक्षरांत अरबी टाइप करतात आणि जो ध्वनी त्या अक्षरांत नाही तिथे 3 आणि 7 हे आकडे घालतात. व्याकरणाच्या मास्तरांना ते बघून घेरी येते. पण बोलायला आपलीच भाषा हवी, म्हणून तर हा उपद्व्याप.

इजिप्तच्या महरगानात संगीताकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कैरोच्या कडेच्या वस्त्यांत, लग्नांत डीजे वाजवणाऱ्या पोरांनी चोरीच्या सॉफ्टवेअरवर, ऑटोट्यून लावून हे गाणं जन्माला घातलं. टुकटुक आणि मिनीबसमधून ते देशभर गेलं. फेब्रुवारी 2020 मध्ये कैरो स्टेडियमवरच्या व्हॅलेंटाइन कार्यक्रमात दारू आणि हशीशचा उल्लेख असलेली ओळ गायली गेली आणि लगेच कलाकारांच्या संघटनेने, म्हणजे गायक हानी शाकेर यांच्या अध्यक्षतेखालच्या म्युझिशियन्स सिंडिकेटने, महरगानातवर बंदी आणली. इजिप्तच्या जुन्या गाण्यात मद्य आणि नशा काय कमी आहे? पण ते गाणारे सूट घालून, मोठ्या वाद्यवृंदापुढे उभे असत. इथे टी-शर्टातली वस्तीतली पोरं होती, ज्यांच्याकडे सिंडिकेटचं कार्ड नव्हतं. ‘अभिरुची’ या शब्दामागे पुष्कळदा फक्त पत्ता विचारलेला असतो.

आता सौदीकडे येतो. मक्केच्या मशिदीचा 1979 चा वेढा संपला, धर्मगुरूंना खूश ठेवणं राजघराण्याला गरजेचं झालं, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला थिएटरं बंद झाली. सिनेमा पाहायचा तर पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडून लोक बहारीनला जात. 2016 मध्ये राज्याने करमणुकीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं आणि 18 एप्रिल 2018 ला रियाधमध्ये थिएटर पुन्हा उघडलं. 2022 च्या जनगणनेत सौदी नागरिकांपैकी 63 टक्के तिशीच्या आतले आहेत. त्यांना रमवायला काहीतरी हवंच होतं. जेद्दाहच्या एखाद्या मुलीला मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाता येतं, स्वतः गाडी चालवत जाता येतं, या सुखाला मी नाक मुरडणार नाही. पुण्यात बसून ‘हे तर वरवरचं’ म्हणणं फार सोपं आहे.

पण हिशेब पुरा मांडू. बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली 24 जून 2018 ला. ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरणाऱ्या लुजैन अल-हथलूलला अटक झाली मे महिन्यात. लीड्स विद्यापीठात पीएचडी करणारी सलमा अल-शेहाब सुट्टीत घरी आली असता जानेवारी 2021 मध्ये पकडली गेली, लुजैनसारख्यांच्या बाजूचे ट्विट पुढे पाठवले म्हणून. ऑगस्ट 2022 मध्ये अपिलात तिची शिक्षा चौतीस वर्षांवर नेली. पुढे ती घटवली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती बाहेर आली. ती आत होती त्या काळात रियाधबाहेरच्या वाळवंटात साउंडस्टॉर्म हा जंगी संगीतमहोत्सव चार वेळा भरला, युरोप-अमेरिकेचे नामांकित डीजे हजेरी लावून गेले. पहिला फड तो महोत्सव बघून हुरळतो, दुसरा त्यातले कपडे बघून हळहळतो. तो भरवायची परवानगी जिथून येते, तिथूनच चौतीस वर्षांची शिक्षाही येते, आणि दोन्हीबद्दल जाब विचारायला रियाधमध्ये ना निवडून आलेलं विधिमंडळ आहे ना मोकळं वर्तमानपत्र. चाळीस वर्षांपूर्वी थिएटरं बंद झाली तेव्हाही नव्हतं.